चाळिसाव्या पायरीवरचं नाव

मित्रांनो, मी एकशे चार पायऱ्यांचा जुना दगडी जिना आहे. धुळ्याच्या अलीकडे टेकडीवर एक गाव आहे. त्याच्या खालच्या बाजारापासून वरच्या आळीपर्यंत मी चढत जातो. पाथरवटांनी मला काळ्या दगडात घडवलं तेव्हा लोकांनी नारळ फोडले, पुढे त्यांच्याच नातवंडांनी पानाच्या पिचकाऱ्या मारल्या. चालायचंच. मी तोंडं विसरतो, पण एकदा पडलेलं पाऊल विसरत नाही.

त्यातलंच एक भाईदासचं. लहानपणी चिंचेवरून पडल्यापासून तो उजवी टाच घासत चाले. त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बाजाराच्या दिवशी, भर जिन्यात, त्याच्या वडिलांनी, पितांबर आबांनी, त्याला थोबाडीत मारली. चारचौघांत, नव्या बायकोदेखत. भाईदास तसाच उतरला, तो म्हणे सुरतेला गेला. पुढे ना चिठ्ठी ना चपाटी.

बारा वर्षं बेपत्ता राहिलेला माणूस मेला असं धरायचं, ही जुनी चाल. आबांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. माझी चाळिसावी पायरी फुटली होती, तिथे मुलाच्या नावाचा नवा दगड बसवला. 'कै. भाईदास पितांबर, १९८३.' येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायधुळीनं पोराला गती मिळेल, असं त्यांना वाटलं. आबा वाईट नव्हते हो. त्या एका थपडेनं त्यांनाच आतून खाल्लं होतं.

भाईदासची बायको मंजुळाबाई मात्र त्या दगडावर कधी पाय ठेवत नसे. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, तरी लुगडं सावरून ती पायरी ओलांडायची.

१९९१चा वैशाख. भर दुपारी जिन्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि खालून एक पाऊल चढू लागलं. उजवी टाच घासत. मी हादरलोच. ज्याच्या नावानं रडून झालं, पिंड ठेवून झाले, त्याचं पाऊल! पण भुताला घाम येत नाही, आणि याचा तर माझ्यावर टपटपत होता. पांढरी दाढी, बसलेले गाल, हातात कापडी पिशवी. चाळिसाव्या पायरीशी तो थांबला. वाकून वाचलं. आणि त्याच दगडावर बसला.

तेवढ्यात दुपारच्या नळाचं पाणी घेऊन मंजुळाबाई आली. परका माणूस बघून थबकली.

"उठा भाऊ, तठे बसू नका," ती म्हणाली. "तठे मना मालकनं नाव शे."

त्यानं वर पाहिलं. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. त्याचे ओठ हलले. बोल रे बाबा, एकदा बोल, असं माझा दगड न् दगड म्हणत होता.

"चूक झायी, बाई," एवढंच तो म्हणाला. उठला आणि खाली निघाला.

मंजुळाबाई पायरी ओलांडून वर गेली. पण शेवटच्या पायरीवर तिचं पाऊल अडलं. त्या शांततेत घासत जाणारी टाच तिलाही ऐकू आली असावी. हंडा तिथेच ठेवून ती धावत उतरली, पार बाजारापर्यंत. धुळ्याची एस.टी. नुकतीच सुटली होती. नुसता धुरळा उरला होता.

परत येऊन ती त्या दगडाजवळ बसली. त्यावर हात ठेवला.

"त्याच व्हतात का?" तिनं मला विचारलं. "सांग ना, त्याच व्हतात का?"

मित्रांनो, मला सगळं ठाऊक आहे आणि तिला सांगायला तोंड नाही. चार वर्षं झाली, ती रोज दुपारी येते आणि हेच विचारते, तेच होते का.

माझ्यावर थुंकू नका, कचरा टाकू नका, एवढंच सांगायला मी बोलू लागलो होतो. ते आता राहू द्या. पण उजवी टाच घासत चालणारा एखादा म्हातारा कुठे एस.टी.त भेटला, तर त्याला शेजारी जागा द्या आणि सांगा, दगडाचं काय, पहारीनं उपटून उलटा बसवता येतो. तू फक्त घरी जा.