इराणी किल्ल्यावरचा झेंडा

केतकीनं इराणी लघुचित्रांच्या धाटणीत एक चित्र काढलं होतं. तिकडच्या जुन्या महाकाव्यातला प्रसंग. किल्ल्याला वेढा पडलाय, राजपुत्र घोड्यावर, आणि बुरुजावर झेंडा, वर पिवळा नि खाली लाल. बारीक कुंचल्यानं घोड्याचा केस न् केस रंगवताना तिनं डोळे फोडून घेतले होते. सीमाभागातल्या वडगावच्या मराठी वाचनालयात, वर्धापनदिनाला, तिचं चित्र पहिल्यांदाच भिंतीवर लागणार होतं.

अध्यक्ष चिंतामणीआण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला. घोडा दिसला नाही, राजपुत्र दिसला नाही. झेंडा मात्र नेमका दिसला.

"केतकी, हा लाल-पिवळा कशाला गं?"

"आण्णा, किल्ला इराणातला आहे."

"तिथंबी न्हेऊन लावला व्हय ह्या कानडीवाल्यांनी? भगवा कर. न्हायतर भिंतीवर न्हाय."

उपाध्यक्ष मारुतीराव मोठे धोरणी. "भगवा केला तर पोलीस येतील, आण्णा. त्यापरास झेंडाच पुसू दे."

"मग किल्ला कुणाचा ते कसं कळणार?" केतकीनं विचारलं.

"ते कोर्टात हाय म्हणून खाली लिही की!" मारुतीरावांनी तोडगा काढला.

केतकीची संकष्टी होती. त्या दिवशी खोटं बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही, हा तिचा नेम. म्हणून "करते" असं काही ती म्हणाली नाही. "बघते हं, आण्णा," एवढंच बोलून चित्र घरी घेऊन आली.

चंद्रोदयाला अवकाश होता. अशा चित्रांत डोंगराआडून बघे डोकावतात आणि नवलानं ओठावर बोट ठेवतात, ही जुनी रीत. केतकीनं देवाला हात जोडले आणि दोन बघे काढले. एकाला फेटा, कपाळावर चष्मा. दुसऱ्याला मारुतीरावांच्या मिशा. राजपुत्र जगो की मरो, दोघांची नजर झेंड्यावर.

दुसऱ्या दिवशी आण्णा चित्राला नाक लावून उभे राहिले. झेंडा होता तसाच होता. केतकीनं मनात अथर्वशीर्ष सुरू केलं.

"मारुतीराव, हा मीच की! आणि हे तुम्ही!"

"व्हय की! मिशा लई झ्याक जमल्यात."

"पण तोंडाशी बोट कशाला गं?"

संकष्टी कालच सरली होती. "खोल विचारात आहात, आण्णा," केतकी हळूच म्हणाली.

आण्णांनी स्वतः हातोडी घेतली. "दारासमोरच लावू. आणि जरा खाली घ्या, मारुतीराव. फेटा लोकांच्या नजरंत भरला पायजे."