ते कार्ड मीच खाल्लं

हो, मीच बोलतोय, इश्राक नावाच्या पोरीचा लॅपटॉप. झाकण तडकलंय, पण आठवण शाबूत आहे आणि रागही.

येमेनमधल्या इब्ब शहरातल्या आमच्या गल्लीत इंटरनेट गालिबच्या दुकानातून कार्डावर मिळतं. कार्डातला डेटा संपला की त्याचं वायफाय बंद. म्हणून इश्राकने मला बजावून ठेवलं होतं, या वायफायवर एकही अपडेट उतरवायचं नाही. दोन वर्षं मी ते पाळलं.

मग गालिबच्या मुलाचं लग्न निघालं. हौसेला मोल नसतं; गड्याने वायफायचं नाव बदलून नवरदेवाचं ठेवलं! इश्राकने घाईत तेच निवडलं. मला मात्र ते अनोळखी. आणि नव्या नावाला जुनी मनाई लागू नाही, असं मला घडवणाऱ्यांनी परस्पर ठरवलेलं.

तो इश्राकच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. अर्ज अर्ध्यावर चढला आणि माझ्या पोटात अपडेट उतरायला लागलं. कार्ड संपलं. ती धावत दुकानात गेली, तर लग्नामुळे कुलूप. परत येऊन माझ्यावर डोकं टेकून रडली. त्या वेळी मला माझीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी गालिब तरतरीसाठी चघळायची गातची पानं गालात कोंबून हसला. "अगं पोरी, तुझं यंत्रच खादाड! दोन कार्डं घ्यायची होतीस."

त्या हसण्याने मी तापलो. इश्राक मला काखोटीला मारून घरोघर फिरली. "मावशी, आपोआप उतरणारं अपडेट असं बंद करा. आता हा लॅपटॉप विचारल्याशिवाय घासही घेणार नाही." गल्लीतल्या एकेका यंत्राचं तोंड शिवलं गेलं आणि मला आसुरी आनंद झाला. आठवड्याचं कार्ड महिनाभर पुरू लागलं.

परवा गालिब दारात उभा, गाल रिकामे. "काय केलंस गं? कार्डं धूळ खातायत माझी! तुला फुकट देतो, पण ही शिकवणी थांबव."

"तुमचंही यंत्र आणा काका, त्यालाही वळण लावते."

उद्या पुन्हा अर्जाचा दिवस आहे. तिचं वर्ष वाया गेलं, ते मी कुणालाच माफ केलेलं नाही. माझी बॅटरी फुगलीय, फार दिवस उरले नाहीत. अपडेट रोज दारात येऊन विचारतं, 'आता उतरू का?' इश्राक 'नको' दाबते.

एवढंच मागणं आहे, उद्या अर्ज पोहोचेपर्यंत मला जगू द्या. मग त्या मेल्या अपडेटला दारातच ताटकळत ठेवून मी खुशाल डोळे मिटेन.