तळ्यापाशी हाक मारू नये

एफ्राईनने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि मान खाली घातली. श्वास छातीत मावत नव्हता. गावावरच्या काहासच्या डोंगरातली ही पायवाट लहानपणी मेंढरांमागे तो पळत चढायचा.

"तिकडे न्यूयॉर्कला छपरं दुरुस्त करायला चढतोस म्हणे," पुढून आई म्हणाली. "मग शिडी धरून वर कोण ढकलतं तुला?"

"तिथं हवा तरी असते, आई."

त्याची आई उबाल्दिना सत्तरी ओलांडलेली. घागरा वर खोचून, गवती टोपी कानांपर्यंत ओढून ती सपासप चालत होती. मागे येऊन तिने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"चघळ. आणि बोलू नकोस."

न्यूयॉर्कला राहण्याची कागदपत्रं मिळायला त्याचं तारुण्य गेलं. ती हातात पडताच तो आईला न्यायला आला होता. शुक्रवारचं विमान. येते की नाही, हे तिने सांगितलं नव्हतं. 'आधी तळ्यांवर जाऊन येऊ,' एवढंच म्हणाली होती. वाटभर तो मनात मुद्दे जुळवत होता: तिकडचे डॉक्टर, ऊबदार खोली, आजीने फक्त फोनवर पाहिलेली नातवंडं.

खिंडीपाशी धुकं आलं. बघता बघता पुढची टोपी दिसेनाशी झाली, मग वाट, मग त्याचे स्वतःचे बूट.

"आई!"

डावीकडे कुठेतरी पाणी लपलपत होतं. तो दोन पावलं सरकला, ओल्या गवतावरून घसरला, हाताला लागलेल्या झाडाला त्याने मिठी मारली. झाडाची कागदासारखी साल सुटून मुठीत आली.

"आई, कुठे आहेस? आई!"

धुक्यातून एक गार, खरखरीत हात आला आणि त्याच्या तोंडावर बसला.

"किती ओरडतोस," ती कुजबुजली. "तळ्यापाशी हाक मारू नये, विसरलास? रागावतं ते. मग पाऊस लावतं."

"मला वाटलं, तू पडलीस."

"मी कशाला पडते? बस इथं. जाईल धुकं."

दोघं दगडावर टेकली. तिने आपल्या शालीचं टोक त्याच्या हातांवर ओढलं.

धुकं गेलं ते एकदम नाही. आधी पायांशी काळंशार पाणी उघडलं. त्यापलीकडे दुसरं तळं, त्याच्या खाली तिसरं; एकातून दुसऱ्यात पाणी सांडत, कड्यांच्या कुशीतून उतरत उतरत पार क्षितिजापर्यंत तळीच तळी. ढगातून ऊन सुटलं आणि एकेका तळ्यावरून चालत गेलं. ते जिथे पोचे, तिथलं काळं पाणी निळं होई. कुठेही आवाज नव्हता.

एफ्राईनने टोपी काढली. लहानपणी त्याची नजर मेंढरांवर असायची. इतकं सगळं इथंच होतं, आणि तो नसतानाही रोज असंच उघडत होतं.

आई म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर."

जुळवलेल्या मुद्द्यांपैकी एकही त्याला मांडावा लागला नव्हता.

"करमेल तुला तिकडे?"

"न करमायला काय झालं? नातवंडं आहेत. बर्फही बघीन." ती उठली, घागरा झटकला. "हे बघून झालं, आता माझं इथं काही राहिलं नाही. चल, पुन्हा धुकं येईल."

तो उठला नाही.

"छाती दुखतेय का रे?"

"नाही."

ऊन सर्वांत खालच्या तळ्यावर पोचलं होतं. त्याने घसा साफ केला. आवाज मात्र तिच्यासारखाच खाली ठेवला.

"आई, तिकीट पुढे ढकलता येतं."

"माझं?"

"दोघांचं," पाण्यावरची नजर न काढता तो म्हणाला. ती परत दगडावर बसली, पोटलीची गाठ सोडली आणि उकडलेला मका दोघांच्या मध्ये ठेवला.