नाकाकडे निघालेला दात

मी एक जुना, जरासा वाकडा दात आहे. वरच्या ओळीत अगदी पुढे उभा असतो. मित्रांनो, मला पाहून हसू आलं तर खुशाल हसा, पण आधी माझी हकीकत ऐका.

माझा जन्म जांब समर्थ गावच्या बेबीनंदाच्या हिरडीत झाला. तिचे वडील भुजंगबुवा कीर्तनकार. त्यामुळे उजेड पाहण्याआधी कितीतरी वर्षं मी कीर्तन ऐकलं. बुवांच्या मागे ही चिमुरडी धृपद धरायची आणि तिचा सूर हाडातून थेट माझ्यापर्यंत यायचा. देवाचं नाव जिथे पोचतं तिथे कसला आलाय अंधार?

ती तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. रामनवमीच्या कीर्तनात बुवा रंगून नाचू लागले, तशी तीही उठून नाचली आणि दगडी पायरीवर तोंडघशी पडली. माझ्या पुढचा दुधाचा दात वर हिरडीत घुसला तो थेट माझ्यावर आदळला. मी तेव्हा कोवळा, अर्धाच घडलेला. माझं डोकं फिरलं ते नाकाच्या दिशेने. बाहेर हळद लावली, रक्त थांबलं. "दुधाचाच हाये, पडायचाच व्हता," सगळे म्हणाले. आत मी आहे, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

तो दुधाचा दात पुढे काळा पडून खाली आला आणि एका महाप्रसादात बुंदीबरोबर पोटात गेला. आमच्याकडे पडलेला दात घरावर फेकून नवा मागतात. हा फेकायचा राहिला. म्हणून तिची आई, द्वारकाबाई, हिने ज्वारीचा टपोरा दाणा दाताच्या नावाने घरावर टाकला आणि वाट पाहत बसली. शेजारचे दात आले, मोठे झाले. मी मात्र नाकाकडेच वाढत राहिलो आणि वाढता वाढता माझं मूळही वाकलं.

बेबीनंदा नऊ वर्षांची झाली तरी तिच्या तोंडात माझी जागा मोकळीच. 'समर्थ' म्हणायला जावं तर शिट्टी वाजे. शाळेतल्या पोरी तिला 'शिट्टीबाई' म्हणू लागल्या. मग तिने गाणंच सोडलं. बापाच्या मागे नुसती टाळ वाजवत उभी राही. त्या वर्षी हाडातून सूर आला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा अंधार जाणवला.

शेवटी बुवा आणि द्वारकाबाई तिला जालन्याला, मस्तगडच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर सत्यशीलाताईंनी एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला.

"दात आहे की! पण उलटा. नाकाकडं तोंड करून बसलाय. लहानपणी पडली होती का?"

"पडल्ती," द्वारकाबाई म्हणाली, "पण म्याडम, त्याच्यानं न्हाई. दात गिळला ना, घरावर टाकायचा राह्यला. मी जवारीचा दाणा टाकला व्हता त्याच्या नावानं."

"तो चिमणीनं खाल्ला असेल बाई. तिलाच आला असेल दात!"

बेबीनंदा हसली. तोंडावर हात ठेवूनच.

बुवा म्हणाले, "मंग जल्दी काढून टाका. नकली बसवा. रामनवमीला हिला उभी करायची हाये."

"काढता येईल. पण पोर वाढणार, नकली दात वाढणार नाही. मूळ अजून पुरतं बंद झालं नाही, बाकही फार नाही. हिरडी उघडून, तार लावून हळूहळू खाली आणता येईल. वर्षाच्या वरच लागेल. आणि येईलच, असं वचन मी देत नाही."

"वर्षाच्या वर? येवढा येळ?"

"बुवा, मागच्या महिन्यात इथल्याच मंडपात तुम्ही सबुरीवर दोन तास बोललात. ती फक्त लोकांसाठी होती का?"

खुर्चीवरून बेबीनंदाच बोलली, "आप्पा, मला माझाच दात पायजे."

जागा बधिर करून हिरडी उघडली आणि मी पहिल्यांदा उजेड पाहिला. माझ्यावर एक बारीक बटण चिकटवलं आणि त्याची साखळी शेजारच्या दातांवरच्या तारेला अडकवली. दर महिन्याला डॉक्टर ती थोडीशीच आवळत. जोर केला असता तर मी दगावलो असतो. रामनवमी गाण्याविना गेली. बुवा मात्र पुन्हा "काढून टाका" म्हणाले नाहीत. द्वारकाबाई रोज मऊ ब्रशने साखळीभोवती घासून द्यायची आणि मला दटावायची, "आता तरी खाली बघ रे बाबा!"

मी खाली पाहिलं. इकडे कूस बदलत, तिकडे वळत एकदाचा बाहेर आलो.

पुढच्या रामनवमीला बेबीनंदा बापाच्या शेजारी उभी राहिली. भरल्या मंडपात तिने 'समर्थ' म्हटलं आणि शिट्टी वाजली नाही. बुवांचं पुढचं धृपद चुकलं, तेही तिनेच सावरलं. तो सूर मला हाडातूनही आला आणि बाहेरूनही. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईने मूठभर ज्वारी घरावर उधळली. म्हणाली, "चिमणीला बी काहीतरी पायजे!"

आता बेबीनंदा स्वतः कीर्तन करते. माझं मूळ अजून वाकडंच आहे, अधूनमधून एक्स-रे काढून पाहावं लागतं. मंडपात एखादं लेकरू तोंडावर पडलं की ती चालतं कीर्तन थांबवते आणि त्याच्या आईला सांगते, "हळद लाव, पण दवाखान्यात बी ने. दुधाचा दात असला म्हून काय झालं? त्याच्या मागं एक जण उभा हाये."

मित्रांनो, तो आतला 'एक जण' माझ्यासारखाच असतो. त्याला बोलता येत नाही. त्याच्यासाठी तुम्ही बोला.