गेणबाचा उजवा हात

मित्रांनो, मी खुटबावच्या भजनी मंडळाचा एक जुना पखवाज. अंग शिसवीचं, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं. उजव्या तोंडावर काळी शाई. डाव्या तोंडाला मात्र दर कीर्तनाआधी ओली कणीक लावावी लागते. कणकेशिवाय मी घुमत नाही आणि दोन हातांशिवाय बोलत नाही.

माझे दोन्ही हात गेणबाचे. त्याचा बाप मेंढरांमागं रानोमाळ चालायचा. गेणबाच्या वाट्याला बागायत आली आणि चालणं सुटलं. पण बोटांत काय गोडवा! त्याची थाप पडली की अभंग नुसता ऐकू यायचा नाही, अंगावर काटा आणायचा. कीर्तनकार महाराज त्याला म्हणायचे, "आबा, तुम्ही साथीला असलात की मला निम्मंच गावं लागतं." तेव्हा मला आवळणाऱ्या कातडी वाद्यासुद्धा ताठ व्हायच्या.

हल्ली दिवसा गावात म्हातारी माणसंच जास्त. पोरं कंपनीत. सरकारी दवाखान्याची आशाताई सारिका देवळाच्या ओट्यावर एकेकाच्या दंडाला पट्टा बांधायची. कुणाला बीपी, कुणाला साखर, आणि बहुतेकांच्या गालात तंबाखू.

"आबा, तुमचं लई वर गेलंय. गोळी चुकवायची न्हाई. डोक्यात रक्त अडकलं तर हात-पाय जात्यात."

"अगं, पखवाजवाल्याचं डोकं आधीच गेल्यालं असतंय," गेणबा हसायचा. पण गोळी घ्यायचा. बायको, तानुबाई, कणकेच्या गोळ्यासोबत ती देवळातच आणून हातावर ठेवायची म्हणून.

मग हरिनाम सप्ताह बसला. गेणबा म्हणाला, "सप्त्यात नामच माझं औषध."

"व्हय? मग पखवाजाला तरी कणीक कशाला? त्यालाबी नामावरच घुमू द्या की!" तानुबाई म्हणाली.

सगळे टाळकरी हसले. गेणबाही हसला. कणीक त्यानं मला लावली; गोळी मात्र खिशात गेली. तिथंच राहिली. रोज तसंच.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. गजर टिपेला पोचला आणि उजवी थाप जराशी मागं पडली. पुढची त्याहून मागं. मग हात शाईवरून ओघळून खाली गेला. मला सगळ्यांआधी कळलं, मित्रांनो. पण ओरडायला मला त्याचाच हात हवा होता.

गेणबा गुडघ्यात वाकला. नजर थिजली, ओठ एका बाजूला ओढला गेला.

"आबांची तंद्री लागली! सांभाळा!"

टाळकऱ्यांनी त्याला हळुवार बसवलं. भजनात देहभान हरपणं म्हणजे केवढं भाग्य! बायाबापड्या पाया पडल्या. कुणी बुक्का लावला, कुणी हार घातला. त्याचं तोंड वाकडं झालेलं, आणि लोकांना ते हसू वाटलं. गजर आणखी रंगला. मी त्याच्या गळ्यात मुका होतो.

दहीहंडी फुटली. लाह्यांचा प्रसाद घेऊन तानुबाई पुढं आली आणि हातातलं ताटच पडलं. "आवं, कसली तंद्री! लकवा हाय ह्यो! माझ्या माणसाच्या पाया काय पडताय, उचला त्याला!"

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले म्हणे, "झालं तेव्हाच का नाही आणलं?" पाया पडणाऱ्या सगळ्यांचं गेणबावर प्रेमच होतं.

आता तो घरी असतो. मंडळानं मला त्याच्याजवळच ठेवलंय. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तानुबाई दर एकादशीला कणीक मळते, माझ्या डाव्या तोंडाला लावते आणि मला त्याच्या मांडीशी ठेवते. त्याचा डावा हात उठतो. घुम्म!

मग तो थांबतो. उजव्या हाताकडं बघत राहतो.

मित्रांनो, नाम खुशाल घ्या, गोळीही घ्या. देव रागावत नाही. आणि भजनात कुणाचा हात गळाला, तोंड वाकडं झालं, तर पाया पडू नका. टाळ थांबवा, गाडी काढा.

माझ्या शाईवर आता रोज धूळ बसते. तानुबाई ती रोज पदरानं पुसते आणि त्याला विचारते, "आज वाजवायचं का वं?"

तो डावा हात पुढं करतो.