तीन पॉइंट सातचा ठिपका

व्हर्न हूकस्ट्रा गेली एकतीस वर्षं मोटरी रिवाइंड करत होता, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरत होता. मस्कीगनच्या कारखान्यांत जळालेली कुठलीही मोटर शेवटी त्याच्याच टेबलावर यायची, आणि त्याच्या हाताखालून गेलेली मोटर सहसा परत यायची नाही. तांब्याची तार त्याच्या बोटांत अशी चालायची की शेजारच्या टेबलावरची माणसं हातातलं काम टाकून बघत राहायची. अशा माणसाच्या बायकोने बोटाच्या पेराएवढी तार वळून घ्यायला दर शनिवारी परक्या पुरुषाच्या दुकानात जावं, याला काय म्हणावं? व्हर्नला म्हणायला पुष्कळ सुचत होतं. पण तो कुणाजवळ बोलत नव्हता, आणि असलं काही पोटात ठेवलं की पचत नाही.

त्याची बायको आर्डिथ एकोणिसाव्या वर्षापासून सिगारेट ओढत होती. सोडायचा प्रयत्न तिने सहा वेळा केला. गोळ्या चघळल्या, दंडाला पट्ट्या चिकटवल्या, एकदा तर ग्रँड रॅपिड्सच्या एका संमोहनवाल्यासमोर डोळे मिटून बसली. सगळ्यांत जास्त टिकली ती एकोणपन्नास दिवस. मग बहीण गेली, आणि दफनभूमीच्या फाटकाबाहेर आर्डिथने कुणाकडून तरी मागून सिगारेट पेटवली. त्या दिवशी गाडीत ती व्हर्नला एवढंच म्हणाली, की माझ्याच्याने हे होणार नाही, तू आता मला विचारत जाऊ नकोस.

ऑक्टोबरात ती लॅनी बोस्माच्या दुकानात गेली. लॅनी पूर्वी ट्रक चालवायचा आणि दिवसाला तीन पाकिटं ओढायचा. स्वतःची सिगारेट सुटल्यावर त्याने तळ्याकडच्या रस्त्यावर वाफेच्या सिगारेटींचं दुकान काढलं. त्याने आर्डिथच्या हातात साबणाच्या वडीएवढी एक डबी ठेवली. खाली बॅटरी, वर काचेची नळी आणि नळीच्या बुडाशी अ‍ॅटमायझर, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं आणि त्यातून ओवलेला कापूस. कापूस दालचिनीच्या चवीचं निकोटिनचं लिक्विड पितो, बटण दाबलं की तार तापते आणि तोंडात वाफ येते. बाकीच्या गिऱ्हाइकांचे अ‍ॅटमायझर संपले की कचऱ्यात जायचे. आर्डिथचा मात्र उघडून पुन्हा भरता यायचा. दर आठवड्याला नवी तार, नवा कापूस, आणि ते भरायचं लॅनीने.

डबीच्या तळाशी व्होल्टेज कमीजास्त करायचं एक चाक होतं. त्याभोवतीचे आकडे मुंगीएवढे, आणि आर्डिथला चष्म्याचा कंटाळा. मग लॅनीने तिच्याच पर्समधली नखांची लाली मागून घेतली आणि तीन पॉइंट सातपाशी डबीवर एक ठिपका दिला. पर्समध्ये चाक सरकायचं, तेव्हा चाकावरची खाच रोज सकाळी या ठिपक्यासमोर आणायची, की झालं. आर्डिथला हे इतकं आवडलं की तिने घरी आल्या आल्या व्हर्नला ठिपका दाखवला. व्हर्नने तो पाहिला, आणि बायकोच्या नखांचा रंग दुसऱ्याच्या हातात कसा गेला याचाच विचार रात्री जेवताना करत बसला.

हे सगळं त्याने गिळलं असतं, कारण फ्रिजवरच्या चर्चच्या कॅलेंडरवर फुल्या वाढत होत्या. सिगारेटशिवाय गेलेल्या प्रत्येक दिवसाच्या घरात आर्डिथ झोपण्याआधी एक फुली मारायची. पन्नासावी फुली मारली तेव्हा तिने कुणाला काही सांगितलं नाही, नुसती पेन हातात धरून फ्रिजसमोर उभी राहिली. शंभरावीला तिने ओव्हनमध्ये सफरचंदाचा गोड ‘पाय’ भाजला. व्हर्नला त्या फुल्यांचा आनंद होता, खरोखर होता. फक्त त्या फुल्यांत आपलं काही नाही, सगळं त्या दाढीवाल्या लॅनीचं आहे, हे त्याला खुपत होतं.

मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तो तिला लॅनीकडे घेऊन गेला आणि बाहेर गाडीतच बसून राहिला. काचेतून दुकान दिसत होतं. लॅनीने तार वळली, कापूस भरला, काहीतरी बोलला, आर्डिथ मान मागे टाकून हसली. असं हसलेली व्हर्नने तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. एवढ्यात लॅनीने तिची डबी स्वतःच्या तोंडाला लावली, एक झुरका घेतला, नळीचं टोक शर्टाच्या बाहीला पुसलं आणि डबी तिला दिली. तिने तेच टोक ओठांत धरलं. व्हर्नच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी कोट खुंटीला अडकवताना तो म्हणाला, "तो तुझ्या नळीला तोंड लावतो."

"चव बघतो. जळकी असली तर मला ठसका लागू नये म्हणून."

"मी मोटर भरल्यावर चाटून बघतो का?"

"बघत जा," आर्डिथ म्हणाली. "मालक खूश होईल."

यापुढे तार मी वळणार, असं व्हर्नने जाहीर केलं. आर्डिथने आढेवेढे घेतले नाहीत, उलट तिला बरंच वाटलं. रविवारी त्याने टेबलावर दिवा ओढून घेतला, ड्रिलच्या बारीक पात्यावर तार वळली, वेढ्याला वेढा असा चिकटवला की मध्ये केस जाऊ नये. मीटर लावला तर लॅनीने लिहून दिलेला ओहमचा आकडा दशांशासकट बरोबर. आणि मग एकतीस वर्षांची सवय आडवी आली. मोटरीच्या खाचेत काही सैल ठेवायचं नसतं, सैल राहिलं की जळतं. व्हर्नने कापूस चिमट्याने दाबून, ठासून, मायेने गच्च भरला.

आर्डिथने झुरका घेतला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकली. दाबलेल्या कापसातून लिक्विड चढेना, आणि कोरडा कापूस तारेवर जळत होता. तिने पुन्हा एकदा घेऊन पाहिलं, त्याच्या मनासाठी. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "व्हर्न, ही मोटर नाही रे."

पुढच्या शनिवारी ती पुन्हा लॅनीकडे. परत आली ती निरोप घेऊन. लॅनीने व्हर्नची तार भिंग लावून पाहिली होती आणि म्हणाला होता, की इतकी सुंदर तार मला जन्मात वळता येणार नाही, फक्त कापूस कोंबलाय. व्हर्नला शिवी चालली असती. शत्रूने केलेलं कौतुक कुठे ठेवावं ते त्याला कळेना. हात दाखवून अवलक्षण झालं होतं, आणि वर तो माणूस चांगलाही निघत होता.

मार्चमधल्या रविवारी आर्डिथ चर्चच्या गाण्याच्या सरावाला लवकर गेली आणि डबी ओट्यावर राहिली. व्हर्नने ती उचलली. आपण काय करतोय हे त्याला नीट माहीत होतं, त्याबद्दल त्याने पुढेही स्वतःला सूट दिली नाही. त्याने नखाने ठिपका खरवडला, न्हाणीघरातल्या फळीवरून लाल लालीची बाटली आणली आणि काडीच्या टोकाने नवा ठिपका दिला, चार पॉइंट सातपाशी. काम सुबक झालं. आता तार जास्त तापून लॅनीचं कामही जळकं लागेल, आर्डिथ म्हणेल की याचाही हात काही देवाचा नाही, आणि शनिवारची ही जत्रा बंद होईल. इतका सरळ हिशेब होता.

सोमवारी सकाळी आर्डिथने रोजच्यासारखी खाच ठिपक्यासमोर आणली, आपल्याच हाताने. झुरका घेतला, खोकली, डबीकडे पाहिलं. थोडं पाणी प्यायली आणि पुन्हा घेतला. व्हर्न अंड्यांवर मीठ टाकत राहिला. ती लॅनीला नावं ठेवेल म्हणून तो वाट बघत होता. मंगळवारी रात्री ती एवढंच म्हणाली, "माझ्या घशालाच काहीतरी झालंय. लॅनीचं काम चुकत नाही."

बुधवारच्या घरात फुली पडली नाही. गुरुवारच्याही नाही. गुरुवारी संध्याकाळी व्हर्न तिची गाडी धुवायला घेऊन गेला, तर काचा उतरवूनही तो जुना वास गादीत बसलेला होता. सीटखाली सुगंधी रुमालांच्या पुडक्यामागे पाकीट सापडलं, त्यात चौदा सिगारेटी उरलेल्या. त्याने ते होतं तिथेच ठेवलं. घरी आला तर आर्डिथ बटाटे सोलत होती. मागे न बघता ती म्हणाली, "तुला वास आला असेल. सातव्यांदा, व्हर्न. आता लोकांना सांगायचीही लाज वाटते. शनिवारी लॅनीला काय तोंड दाखवू?"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही त्याने. पण बाहेर आलं ते भलतंच. तो म्हणाला, बटाटे जरा जास्त सोल, भूक लागलीय.

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत तो डबी खिशात घालून लॅनीच्या दुकानात गेला. आर्डिथला ती नकोच झाली होती, त्यामुळे तिने विचारलंही नाही. लॅनीने काच उघडली, काळा पडलेला कापूस चिमट्याने बाहेर काढला, हुंगला. मग डबी उलटी करून चाकाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला.

"ठिपका सरकलाय," तो म्हणाला.

"मी सरकवला."

लॅनीने डबी खाली ठेवली. "ती ओढायला लागली?"

"बुधवारपासून."

लॅनी अंगाने दांडगा होता. तो काउंटरला वळसा घालून येऊन दोन ठेवून देईल असं व्हर्नला वाटलं, आणि त्याने दिल्या असत्या तर बरंच झालं असतं. पण तो स्टुलावर बसला आणि दाढी खाजवत म्हणाला, "एक सांगू? दर शनिवारी चाळीस मिनिटं तुझी बायको इथे बसते आणि चाळीस मिनिटं मी तुझं कौतुक ऐकतो. व्हर्नने अमुक मोटर भरली, व्हर्न डोळे मिटून तार मोजतो. मला तर बाबा तुझा कंटाळा आलाय."

काउंटरवर एक सिगारेटची जाहिरात काचेखाली चिकटवलेली होती, फुली मारून. व्हर्न ती वाचत राहिला.

"मी तिला सांगणार नाही," लॅनी म्हणाला. "ते तुझं तू बघ. पण कापूस भरायला शिकल्याशिवाय इथून हलायचं नाही."

तार व्हर्नने एका दमात वळली. कापसाशी मात्र अर्धा तास झगडला. लॅनीने तीनदा भरलेला उपसायला लावला, दर वेळी म्हणाला, सैल, अजून सैल, त्याला श्वास घेऊ दे. चौथ्यांदा कापूस वेटोळ्यातून इतका अलगद सरकला की व्हर्नला काम अर्धवट सोडल्यासारखं वाटलं. लॅनीने डबी त्याच्यासमोर सरकवली. "चव बघ. मी नाही बघत आता, तू बघ." व्हर्नने आयुष्यात पहिल्यांदा झुरका घेतला. दालचिनी लागली, आणि जळकं काही नाही.

चार पॉइंट सातचा ठिपका त्याने तिथेच खरवडला. घरी येऊन पुन्हा त्याच फळीवरची लाली घेतली आणि तीन पॉइंट सातपाशी नवा दिला.

आर्डिथ कामावरून आली, कोटाला धुराचा वास. व्हर्नने डबी तिच्यापुढे ठेवली. म्हणाला, लॅनीकडे नेली होती, त्याने नवी तार घातलीय, आता लागेल बरोबर. स्वतःच्या हाताचं श्रेय त्या माणसाला देताना त्याला वाटलं, इतकी शिक्षा पुरेशी आहे.

तिने झुरका घेतला. दुसरा घेतला. खुर्चीत बसली आणि तिच्या चेहऱ्यावरचा आठवडा उतरला. मग कधी नाही तो पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, डबी उलटी केली आणि खाच नीट बसलीय का ते पाहू लागली. पाहता पाहता तिच्या भुवया जवळ आल्या. उठून न्हाणीघरात गेली, दोन बाटल्या घेऊन आली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. व्हर्नला दोन्ही लालच दिसत होत्या.

"ही विटकरी. ही पर्समध्ये असते, लॅनीने हिचा ठिपका दिला होता," ती म्हणाली. "ही चेरी. ही मी फक्त ख्रिसमसला लावते, घराबाहेर जात नाही. हा ठिपका चेरीचा आहे."

व्हर्न खाली बघत होता.

"आज दिलास?"

"आज दिला," तो म्हणाला. "आणि रविवारी. रविवारी चार पॉइंट सातला दिला होता. तार लॅनीची नाही, माझी आहे. मला तो आवडत नव्हता, आर्डिथ. तू तिथे हसायचीस, ते मला बघवत नव्हतं."

तिने आवाज चढवला नाही, रडलीही नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवत म्हणाली, "मला वाटलं माझ्यातच दम नाही. तीन दिवस मी हेच स्वतःला सांगत होते, आणि तू समोर बसून जेवत होतास."

मग ती उठली, फ्रिजला अडकवलेलं पेन काढलं आणि त्याच्या हातात दिलं. बुधवार, गुरुवार आणि आजचा शुक्रवार, अशी तीन घरं मोकळी होती.

"ही माझी नाहीत," ती म्हणाली. "यांच्यात तुझं नाव लिही. नीट लिही, मोटरीवर लेबल लावतोस तसं."

व्हर्नने लिहिलं. तीन वेळा, सुबक अक्षरात, चौकटीच्या रेषेला न लागता. आर्डिथने चष्मा लावून ते वाचलं आणि पेन परत जागेवर अडकवलं. उद्या शनिवार, मी लॅनीकडे जाणार, तू गाडी चालव आणि बाहेर बसू नकोस, आत ये, असं तिने सांगितलं आणि ती मासे तळायला वळली.

त्याचं नाव लिहिलेलं कॅलेंडरचं ते पान एप्रिल लागला तरी तिने उलटलं नाही.