सोनबोडीचा उतार

सुमंत देशकरांनी तीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या होत्या. त्यामुळे सोनबोडी तलावाच्या बागेसाठी निधी मागायची वेळ आली, तेव्हा वस्तीने ते काम त्यांच्याच गळ्यात घातलं. काठ ढासळलाय, पायऱ्या फुटल्यात, बाकांना पाठ उरलेली नाही, सगळं त्यांनी नीट लिहिलं. पण त्यांची खरी मागणी एकच होती: पाण्यापर्यंत जाणारा साधा उतार. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला, प्रमोदिनीबाईंना, पक्षाघात झाला आणि त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या. त्याआधी रोज संध्याकाळी त्या शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसत. "तेवढं एक होऊ दे," सुमंतराव रोज देवाला म्हणत.

पाहणीला इंजिनियर बाई येणार असं पत्र आलं आणि बाग मंडळाच्या शोभाताईंनी पदर खोचला. "पाहुणे येऊन राहिले, अन् आपण त्याईले घाण दाखवाची का, काका?"

दोन दिवसांत जलपर्णी उपसली गेली, ढासळलेल्या काठापुढे मंडपाचं कापड बांधलं गेलं, फुटक्या पायऱ्यांवर गणपतीतला लाल गालिचा पसरला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण ही मूठ उघडूनच दाखवायची होती, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. सुमंतरावांच्याही नाही. गालिच्याचं एक टोक त्यांनीच धरलं होतं.

"स्वागताचा मान प्रमोदिनीकाकूले!" शोभाताईंनी जाहीर केलं. पाहणीच्या दिवशी, पाहुणी येण्याआधीच, चौघांनी खुर्ची उचलून अलगद पाण्याशी नेली. पाणी पाहून बाईंचे डोळे भरून आले, आणि नवऱ्याचेही.

इंजिनियर नंदिनी मेश्राम तर्री-पोहे खाऊन मोबाइलवरचा तक्ता भरू लागली. मुलगी सरळ होती, दिसेल ते लिहीत होती.

"काकू येतात का इथे?"

"काहून नाही येणार?" शोभाताई फुलल्या. "आमची वस्ती काकूले फुलासारखी आणते!"

सुमंतराव बोलणार होते. पण चारचौघांत आपल्याच माणसांना खोटं पाडायचं? दोन दिवस ज्यांनी कंबर मोडली त्यांना? ते नुसते हसले.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. सुमंतरावांनी सवयीने लाल पेन काढलं. 'काठ स्वच्छ. पायऱ्या वापरात. चाकाच्या खुर्चीतील ज्येष्ठ नागरिकही पाण्यापर्यंत पोहोचतात. कामाची निकड नाही. प्रस्ताव नामंजूर.'

त्यांनी ते चारदा वाचलं. कुठे आक्षेप घ्यावा तेच कळेना. पोरीने जे पाहिलं तेच लिहिलं होतं. मग चुकलं कोण? पाहुण्यांसाठी घर आवरणं, हा काय गुन्हा झाला? शोभाताईंवर चिडावं तर त्या बिचारीने सगळं मायेपोटी केलेलं. आणि आपण का हसलो होतो त्या दिवशी? लाल पेन हातात तसंच राहिलं.

"काय लिहिलंय हो?" आतून प्रमोदिनीबाई स्वतःच खुर्चीची चाकं फिरवत आल्या.

सुमंतरावांना खोटं सुचलं नाही. "लिहिलंय की तू तलावावर जाऊ शकतेस."

प्रमोदिनीबाईंनी मांडीवरची शाल काढून बाजूला ठेवली.

"मग चला," त्या म्हणाल्या.